अठरा वर्षं, सात महिने

२४ एप्रिल २०२५, गुरुवार

पप्पा भित्रे आहेत. लिहून टाकलं एकदाचं.

परवा काश्मीरमध्ये जे झालं त्यासाठी आज कॉलेजच्या गेटपासून मेणबत्त्या घेऊन मोर्चा होता. डोंबिवलीची माणसं गेली त्यात – उल्हासनगरपासून चार स्टेशनं! अख्खं कॉलेज रस्त्यावर. टीवायचा धर्मेश माइकवर होता, घसा बसेपर्यंत. मी आणि प्राची पहिल्या रांगेत. मी पण ओरडले. मनापासून ओरडले. वाटेतच स्टेटसला टाकलं – इथे लपलेला एकेक पाकिस्तानी शोधा आणि हाकलून द्या. एकशे चाळीस जणांनी बघितलं.

घरी आले तर पप्पा माझ्या स्टेटसकडे बघत बसलेले. काढ म्हणाले. का? तर नुसतंच – काढ. मी म्हटलं, तुम्हाला काहीच वाटत नाही का, आपली माणसं मेलीत. ते उठून गॅलरीत गेले. जेवले नाहीत. आई मला म्हणाली, ऐक त्यांचं, एवढंसं तर सांगतात. नाही ऐकणार. अठरा पूर्ण झालीत मला.

२५ एप्रिल

पप्पा आज दुकानात गेले नाहीत. तापबीप काही नाही. कारण विचारलं तर म्हणे सुट्टी. एप्रिलमध्ये, लग्नसराईत, कापड बाजारात सुट्टी!

२६ एप्रिल, शनिवार

अक्षर वाईट येतंय. क्रमाने लिहिते.

सकाळी साडेनऊ. पप्पा अंघोळीला. त्यांचा फोन वाजला, मी उचलला. पोलिसांकडून बोलतोय म्हणाला एक माणूस. हरिचंद्र साळुंके आहेत का. मी म्हटलं मी मुलगी बोलतेय. तर म्हणाला, "राजसी का? पाकिस्तानी नागरिक, राजसी हरिचंद्र साळुंके?"

मी हसले. खरंच हसले. असले फसवणुकीचे फोन कसे ओळखायचे यावर कॉलेजात लेक्चर झालंय आमचं. मी म्हटलं, काका, दुसरं गिऱ्हाईक बघा, नाहीतर मीच तुम्हाला पोलिसांत देईन. तो चिडला नाही. थकलेला वाटला. म्हणाला, ताई, वडिलांना सांगा, सोमवारी अकरा वाजता सगळे कागद घेऊन या. तुमच्या आईच्या जुन्या पासपोर्टवर तुमची नोंद आहे.

पप्पा खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आले. मी हसत हसत सांगितलं – बघा, मला पाकिस्तानी करून टाकलं. ते हसले नाहीत. भिंतीला टेकले आणि तसेच खाली बसले, ओल्या अंगाने. आई स्वयंपाकघरातून आली. तिने मला नाही विचारलं काय झालं. त्यांना विचारलं.

"आला का फोन?"

म्हणजे हे दोघं फोनची वाट बघत होते.

बस. पुढचं आज नाही लिहवत.

२७ एप्रिल, रविवार

मी कराचीत जन्मले.

हे वाक्य मी चार वेळा लिहून बघितलं मागच्या पानावर. कोणाचं तरी दुसऱ्याचं वाटतं.

पप्पांनी सांगितलं ते असं. पप्पांचे आजोबा रत्नागिरीकडचे. बंदरावर काम मिळतं म्हणून बोटीने कराचीला गेले. तेव्हा तो सगळा एकच मुलूख होता, मुंबई इलाखा. इथून पुण्याला जावं तसे गेले म्हणे. मग फाळणी झाली. हे तिथेच राहिले. आपल्यासारखी मराठी घरं होती तिथे, आहेत अजून. घरात मराठी, बाहेर सिंधी-उर्दू, गणपती बसवायचे. आईचं माहेर पण तिथलंच. मी दोन वर्षांची असताना हे दोघं मला घेऊन निघाले. पप्पांचे शेटजी मुकेश अंकल, त्यांचे चुलते तिथे पप्पांचे शेजारी होते, त्या ओळखीने उल्हासनगरला अंकलच्या दुकानात काम मिळालं. मग बदलापुरात, मांजर्लीत ही खोली.

मला सतरा वर्षं सांगितलं आपण कोल्हापूरकडचे. "कोल्हापूरकडे कोण राहिलं नाही आता" – संपला विषय.

आई-पप्पा भारतीय आहेत. दोघांनाही २०१८ला नागरिकत्व मिळालं, कलेक्टरच्या सहीने. माझा फॉर्म त्यांच्यासोबतच दिला होता. तो परत आला. आईच्या पासपोर्टवर माझं नाव राजश्री लागलंय आणि शाळेत राजसी. एका अक्षराच्या घोळात मी मागे राहिले. परत भरू म्हणेपर्यंत लॉकडाऊन. मग राहिलंच. तोपर्यंत दर वेळी मुदत वाढवून घ्यायचे, मोठ्या मुदतीचा व्हिसा म्हणतात त्याला. व्हिसा! माझ्या घरात राहायला मला व्हिसा.

आईने पासपोर्ट दाखवला. तिच्या साड्यांच्या खाली, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला. हिरवा. तिच्या फोटोशेजारी टक्कल केलेलं एक बाळ. मी. बघत राहिले. रडू नाही आलं, राग नाही आला. कान बंद झाल्यासारखे झाले फक्त, विमानात होतात म्हणे तसे. मी विमानात कधी बसले नाही. का बसले नाही ते पण आता कळलं.

सगळंच कळतंय एकेक. आठवीची रायगडची सहल – आदल्या दिवशी मला ताप आहे असं पप्पांनी शाळेत कळवलं होतं. मला ताप नव्हता! मी आठ दिवस बोलले नव्हते त्यांच्याशी. जिल्हा सोडायला परवानगी लागते म्हणे आमच्यासारख्यांना. पप्पांना सिंधी इतकं छान येतं ते दुकानात बसून बसून नाही. मतदार नोंदणीचा फॉर्म मी कॉलेजातून भरून आणला होता आणि तो घरात सापडेनासा झाला. मी कॉलेजभर फिरून पन्नास जणांचे भरून घेतले, स्वतःचा राहिला. सर मला हसले होते.

स्टेटस काढायला गेले. चोवीस तास होऊन ते आपोआपच गेलं होतं, पण मी शोधत बसले काढायला.

२८ एप्रिल, सोमवार

परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारी एक शाखा असते पोलिसांची. मला माहीत नव्हतं. आज तिथे साडेतीन तास बसले.

फोनवरचे थकलेले साहेब तेच. प्रत्यक्षात पण थकलेलेच दिसतात. दोन मोबाइल, पुढे याद्या. आमची फाइल काढली, पानं उलटली आणि थांबले. मला विचारलं, जन्मतारीख? बारा सप्टेंबर २००६. त्यांनी बोटांवर मोजलं.

"अठरा वर्षं, सात महिने," ते पप्पांना म्हणाले. "अठरा झाल्यावर हिचा वेगळा अर्ज करायचा, हिच्या सहीने. तुम्हाला माहीत होतं ना? सात महिने ही मुलगी बिनकागदाची राहतेय इथे."

पप्पा उभे होते. खुर्ची होती, तरी उभे.

"विसरलो साहेब," ते म्हणाले. "माझी चूक आहे."

विसरले!!

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, हिंदू कुटुंबांच्या मोठ्या व्हिशांना धक्का नाही, तसा हुकूम आहे. पण ज्याचा व्हिसाच चालू नाही त्याचं काय करायचं ते मला वर विचारावं लागेल. आणि सध्याचे दिवस तुम्ही बघताय. पप्पांनी विचारलं, पाठवतील का? साहेब म्हणाले, मी नाही म्हणू शकत नाही, हो पण म्हणत नाही.

पाठवतील. कुठे? माझी आई इथे, बाप इथे, मला एकटीला. मी मनात चित्र काढायचा प्रयत्न केला – मी कुठल्यातरी गेटमधून चालत जातेय, हातात बॅग, पलीकडे कोण? चित्र पुढे जाईना.

माझ्या दहाही बोटांचे ठसे घेतले. तिथल्या ताईने शाई पुसायला कापूस दिला आणि हळूच विचारलं, बी.एस्सी. ना? माझी भाची पण बी.एस्सी.लाच आहे. एवढंच. मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

पप्पांशी मी बोलणार नाही. खोटं बोलले ते मी कदाचित सोडून दिलं असतं. विसरले? लाइट बिल विसरतात तसे?

३० एप्रिल

दुसऱ्या सेमिस्टरचा पहिला पेपर. वर्गात सर आयकार्ड बघत येत होते. दोन बाकं उरली तेव्हा माझ्या हातातलं पेन गळून पडलं. सर म्हणाले, घाबरू नको, सोपा आहे पेपर.

२ मे

झोप नाही. आज चौथा दिवस. जेवण जात नाही. आई माझ्याशेजारी झोपते हल्ली, केसांतून हात फिरवते. तिच्याजवळ थोडं शांत वाटतं. पप्पा दुकानातून आले की दारातूनच तिला विचारतात, जेवली का. मला नाही विचारत. मी ऐकू जाईल असं दार लावून घेते.

प्राचीने आज तीन रील पाठवले. एकात साप होते आणि खाली लिहिलं होतं, घरातले साप आधी ठेचा. आठवड्यापूर्वी मीच तिला असले पाठवायचे. हसणारी तोंडं पाठवली मी. काय पाठवणार दुसरं?

लहानपणापासूनची मैत्रीण. बदलापूर गावात तिचं घर, आगरी मंडळी, दारात आलेल्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. भारती काकू, तिची आई, मला "आमची दुसरी" म्हणते.

ही वही कोणी वाचली तर? लपवायला हवी. उशीच्या अभ्र्यात घातली. मग लक्षात आलं मी काय करतेय ते, आणि परत काढली.

६ मे, मंगळवार

परत त्या ऑफिसात. सह्या हव्या होत्या. व्हरांड्यात बाकावर रांग. सगळे सिंधी, एखादी म्हातारी, एखादं लहान मूल, सगळ्यांच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत फाइल. शेवटच्या बाकावर धर्मेश.

हो. माइकवाला धर्मेश. शेजारी त्याची आई, डोक्यावर ओढणी.

त्याने मला बघितलं. मी त्याला बघितलं. दोघांनीही खाली बघितलं. मला वाटलं समाजसेवा करायला आला असेल, कोणाला फॉर्म भरून द्यायला. वेडी आशा! मग आतून नाव पुकारलं त्याचं, आणि तो उठला.

नंतर पाण्याच्या नळाजवळ तो आला. "तू किसके साथ आई है?" मी म्हटलं, "मैं ही हूँ." मग त्याने स्वतःचं सांगितलं. आठ वर्षांचा असताना सिंधमधून आला. त्याला पहिल्यापासून माहीत आहे. सी.ए. करायचंय, पण जिल्ह्याबाहेरच्या फर्ममध्ये शिकाऊ म्हणून जायला परवानगी लागते आणि परवानगी मागितली की फर्मला कळतं. मित्रांची गोव्याची ट्रिप असली की दर वर्षी त्याचं पोट दुखतं. बोटांची नखं पार आतपर्यंत खाल्लेली, एका बोटाला पट्टी.

मी विचारलं, मग मोर्चात तू इतका...?

"ज़ोर से चिल्लाओ तो कोई पूछता नहीं," तो म्हणाला.

मग त्याच्या आईने हाक मारली. जाताना मला म्हणाला, कॉलेजमध्ये ओळख दाखवू नकोस, तुझ्यासाठीच बरं. मी मान हलवली. अख्ख्या कॉलेजात मला समजून घेईल असा एकच माणूस सापडला आणि त्याला ओळख दाखवायची नाही.

९ मे

सकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेजवर मेसेज. कराची संपलं. बंदर जळतंय. फटाके, लाडू, नाचणारी माणसं. खाली कोणीतरी खरंच पेढे वाटत होतं, आमच्या दारातही आले. आईने पेढा घेतला. हसून घेतला. दार लावलं, पेढा ओट्यावर ठेवला आणि मावशीला फोन लावत राहिली. मावशी बंदराजवळच राहते. मला मावशी आहे हेच मला बारा दिवसांपूर्वी कळलंय.

लागेना. आई फोन लावायची, ठेवायची, भांडं घासायची, परत लावायची. पप्पा कामावर न जाता तिच्यामागे उभे. टीव्हीचा आवाज शेजारून येत होता, तो मोठमोठ्याने मोजत होता काय काय उडवलं.

दहा वाजता मावशीचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. "अगं बंदर आहे तिथंच आहे. मी आत्ता भाजी घेऊन आले. तुमच्याकडे काय दाखवतायत?"

आई खाली बसली आणि रडली. तोंडात पदर कोंबून, आवाज शेजारी जाऊ नये म्हणून. मी तिला धरून बसले. मला आनंद झाला – खरंच झाला, एका शहरात काही झालं नाही याचा. आणि लगेच भीती वाटली की असा आनंद होणं म्हणजेच ते. म्हणजेच मी ती, माझ्या स्टेटसमधली.

१२ मे, सोमवार

पेपर कोरा देऊन आले. प्रश्न येत होते मला. लिहायला घेतलं की हात बधिर. डावा पण. श्वास अपुरा पडायला लागला, वाटलं हार्ट अटॅक. बाहेर जिन्यात बसले. शिपाईकाकांनी पाणी दिलं आणि मैत्रेयी मॅडमच्या खोलीत नेऊन सोडलं.

मैत्रेयी मॅडम म्हणजे कॉलेजच्या समुपदेशक. लायब्ररीशेजारची खोली. तिथे ब्रेकअपवाली मुलं जातात असं आम्ही म्हणायचो.

मी काहीच सांगितलं नाही. नुसती बसले. त्यांनी पण विचारलं नाही. त्यांचा पंखा खूप आवाज करतो.

१४ मे

आज सांगितलं. सगळं.

आधी विचारून घेतलं – तुम्हाला कोणाला कळवावं लागतं का? प्रिन्सिपल? पोलीस? त्या म्हणाल्या, नाही. तुझ्या जिवाला धोका वाटला तरच मी कोणाशी बोलेन, आणि तेही तुला सांगून. मग मी बोलायला लागले आणि थांबताच येईना. पाऊण तास. मराठी, हिंदी, मध्येच नुसतं रडणं.

त्यांनी सरळ विचारलं. "जीव द्यावासा वाटतो का?"

इतकं सरळ कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, मरावंसं नाही. नसावं असं वाटतं. कुठल्याच यादीत नसावं.

त्या म्हणाल्या, या दोन्हींतलं अंतर कमी व्हायला लागलं तर त्याच क्षणी मला फोन करायचा, वेळ बघायची नाही. नंबर माझ्यासमोर माझ्या फोनमध्ये घातला. मग म्हणाल्या, तू वेडी झालेली नाहीस, तुझं अंग घाबरलंय, आणि घाबरायला खरंच कारण आहे. डॉक्टरांकडे पाठवलं झोपेसाठी.

घाबरायला खरंच कारण आहे – हे कोणीतरी म्हणायला हवं होतं. आई म्हणते काही होणार नाही. पप्पा तर काही म्हणतच नाहीत.

मी मॅडमना म्हटलं, आणखी एक मुलगा आहे, त्याला यायला सांगू का? नाव नाही सांगितलं.

१९ मे

सहा तास झोप!

धर्मेशला मेसेज केला होता मॅडमबद्दल. तीन दिवस निळी टिक नुसती. आज उत्तर – "फ्रायडे को गया था. पंखा बहुत आवाज करता है."

२३ मे

प्राचीला सांगितलं. नदीकडच्या रस्त्यावर, तिच्या स्कूटीवर बसून.

मॅडम म्हणाल्या होत्या घाई नको. पण ती परत बोलायला लागली होती त्या विषयावर आणि मला वाटलं आता नाही सांगितलं तर मी तिच्यासमोर आयुष्यभर नाटकच करत राहणार. मी म्हटलं, प्राची, मी त्यातली आहे. तिला वाटलं मस्करी. मग माझा चेहरा बघितला.

"किती वर्षं माहिती होतं?" तिने विचारलं. मी म्हटलं, वर्षं नाही, २६ एप्रिलपासून. तुला जे माहीत होतं माझ्याबद्दल तेच मला माहीत होतं. तिच्या भावाचा, अमितचा, डोंबिवलीचा एक मित्र, काश्मीरमध्ये माणसं गेली त्या घरांपैकी एकाच्या ओळखीतला आहे. तिच्या घरी सुतक असल्यासारखं होतं तेव्हा. मला माहीत आहे ते, मी होते तिथे, काकूंना चहा करून दिला होता मी.

तिने मला दारापर्यंत सोडलं. बाय नाही म्हणाली.

२७ मे

प्राचीचा फोन नाही. चार दिवस.

३१ मे, शनिवार

दुपारी दार वाजलं. भारती काकू. हातात डबा, त्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. आईला वाटलं भांडायला आल्या. आई दारातच उभी, पदर घट्ट धरून.

काकू सरळ आत आल्या आणि पंख्याखाली बसल्या. म्हणाल्या, "पोरीनं घरात सांगलं आम्हाला. आठ दिस धड जेवली नाय ती. तुझीपन जेवली नसंल." मग मला जवळ ओढलं, माझं मनगट धरून बघितलं आणि आईला ओरडल्या – हे काय करून ठेवलंय पोरीचं, हाडं लागतायत हाताला! पाकिस्तान नाही, काही नाही. हाडं.

आई रडली. काकू पण रडल्या. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

प्राची खाली गेटपाशी स्कूटीवर होती. वर आली नाही. मी खाली गेले. ती म्हणाली, मला अजून नीट कळत नाहीये काय वाटतंय ते. मला वेळ दे. मी म्हटलं घे. मग म्हणाली, ते सापवालं मी तुला पाठवलं होतं ना. मी म्हटलं, हो. ती हेल्मेटचा पट्टा लावत राहिली बराच वेळ.

३ जून

धर्मेश आज कॉलेजात सगळ्यांसमोर मला "हाय" म्हणाला.

६ जून

कोरा पेपर नापास धरणार, केटी. बाकीचे निघतील असं वाटतं. मॅडम म्हणाल्या, या महिन्यात तू पेपरला बसलीस हेच खूप. मला पटलं नाही, पण ऐकायला बरं वाटलं.

पप्पांशी अजून बोलत नाही. परवा त्यांनी जेवताना माझ्याकडे पाण्याचा तांब्या सरकवला. मी उठून दुसरीकडून पाणी घेतलं. आई म्हणाली, किती दिवस? मी म्हटलं, सात महिने. ते विसरले होते तेवढे दिवस. आईचा घास हातातच राहिला. पप्पा जेवत राहिले.

१० जून, मंगळवार

कागद आला!!!

दोन वर्षांची मुदत. माझ्या नावाने, राजसी, बरोबर अक्षरांत. थकलेल्या साहेबांनी स्वतः बोलावून दिला. म्हणाले, वरून मंजूर झालं, आईवडील इथले नागरिक आहेत, मुलगी दोन वर्षांची असल्यापासून इथे आहे, कोण कुठे पाठवणार. म्हणाले, खरं तर अठरा झालेल्याला स्वतःच्या नावाचा पाकिस्तानी पासपोर्ट लागतो, पण सध्या तो काढणार कुठून, म्हणून आईचा जुनाच धरला. आता लगेच नागरिकत्वाचा अर्ज भरा. या वेळी विसरू नका, असं पप्पांना म्हणाले.

पप्पा म्हणाले, नाही साहेब.

बाहेर आल्यावर पप्पांनी कागद उन्हात धरून दोनदा वाचला आणि माझ्याकडे दिला. मी घेतला. थँक यू पण नाही म्हटलं. आई वाटेत एक शब्द बोलली नाही. मला वाटलं आनंदाने.

११ जून

आज दुपारी आईने सांगितलं.

पप्पा विसरले नव्हते. बारा सप्टेंबरला, माझ्या अठराव्या वाढदिवशी, ते अर्ज भरून घेऊन आले होते. केक कापला की मला समोर बसवून सगळं सांगायचं आणि सही घ्यायची, असं ठरलं होतं. त्या अर्जासाठी माझ्या नावाचा हिरवा पासपोर्ट काढायला लागणार होता. आईने तो अर्ज मोरीत नेऊन फाडला. म्हणाली, तुला कडेवर घेऊन त्या पासपोर्टवर बाहेर पडले, तेव्हाच ठरवलं होतं, हा परत तुझ्या हातात येऊ द्यायचा नाही. पप्पांनी दुसरा आणला. तिने तोही फाडला आणि त्यांना माझी शपथ घातली.

फोन आला त्या दिवशी ती सगळं कबूल करणार होती. पप्पांनी थांबवलं. म्हणाले, "ती रागावणारच. माझ्यावर रागावू दे. जवळ बसायला तिला कोणीतरी लागेल."

पाच वाजलेत. दुकान आठला बंद होतं. उल्हासनगरला चाललेय.

काय बोलायचं ते ठरवलं नाही.